दुखऱ्या हाताची विचारपूस

सन २०२५ च्या जानेवारीतील पहिला रविवार होता. तीन राजांच्या सणाची सकाळची मिस्सा आटोपून भाविक चर्चच्या आवारात आले. एकमेकांना सणाच्या शुभेच्छा देऊन होतात न होतात तोच पुरुषमंडळींच्या घोळक्यातून प्रश्न आला, "बुमराह आज गोलंदाजी करणार की नाही?" आदल्या दिवशी सिडनीच्या मैदानावरून तो पाठीच्या दुखण्याने बाहेर पडला होता. ऑस्ट्रेलियाच्या त्या दौऱ्यात त्याने पाच कसोटींत ३२ बळी घेतले होते आणि त्यासाठी दीडशेहून अधिक षटके टाकली होती. रविवारी त्याच्या हाती चेंडू आलाच नाही. ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून सामना जिंकला आणि सणाच्या दिवशी आमच्या किनाऱ्यावरच्या अनेक घरांत चेहरे उतरले. खोटे कशाला बोलावे, मिस्सेपूर्वी आम्हीही धावफलकावर नजर टाकून आलो होतो.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला आहे. भरात असलेला खेळाडू जायबंदी होतो तेव्हा आपल्याला जी चिंता वाटते, ती त्याची असते की आपली?

याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्या जवळच्याच माणसाकडे पाहू. १९९८ साली सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यांत नऊ शतके झळकावली. त्या वर्षी तो बाद झाला की घरोघरचे दूरदर्शन संच बंद होत. पुढच्याच जानेवारीत चेन्नईला पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत, पाठ असह्य दुखत असताना, त्याने १३६ धावा केल्या. विजय अवघ्या सतरा धावांवर असताना तो बाद झाला. उरलेले तीन गडी चार धावांत गारद झाले आणि भारत १२ धावांनी हरला. "पाठ कशी आहे?" असे विचारणारे त्या संध्याकाळी थोडे होते. "तो फटका मारलाच कशाला?" असे विचारणारे पुष्कळ होते. पुढे कोपर दुखावले, २००५ साली त्यावर शस्त्रक्रिया झाली. मार्च २००६ मध्ये वानखेडेवर, त्याच्या स्वतःच्या मुंबईत, इंग्लंडविरुद्ध तो एका धावेवर बाद होऊन परतला तेव्हा प्रेक्षकांतील काहींनी त्याची हुर्यो उडवली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. २०१३ साली त्याच मैदानाने साश्रू नयनांनी त्याला निरोप दिला. अश्रू खरे होते, हुर्योही खरी होती. मग प्रेम कोणते म्हणावे?

संत थॉमस अक्वायनस यांनी या बाबतीत एक मार्मिक भेद सांगितला आहे. प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. परंतु एखाद्याला द्राक्षारस आवडतो असे आपण म्हणतो, तेव्हा तो द्राक्षारसाचे भले चिंतीत नसतो, स्वतःच्या तृप्तीचे चिंतीत असतो. बाटली फुटली तर तो हळहळतो, पण ती हळहळ बाटलीसाठी नसते. आपली खेळाडूविषयीची हळहळ पुष्कळदा याच जातीची असते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असताना हाच विचार पुढे नेला होता. व्यक्ती ही वापरण्याची वस्तू नव्हे, तिच्याशी योग्य नाते एकच, ते प्रीतीचे, असे त्यांचे प्रतिपादन होते. व्हॅटिकनने २०१८ साली खेळाविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात खेळापुढील आव्हाने सांगताना शरीराची हेळसांड, उत्तेजक द्रव्ये व भ्रष्टाचार यांच्या पंक्तीला प्रेक्षकांनाही बसवले आहे, हे आपण ध्यानात घ्यावे.

यावर कोणी म्हणेल, "फादर, आम्ही त्याला कधी भेटलो नाही. त्याच्या कौशल्याचा आनंद घेतला तर बिघडले कुठे?" काहीच बिघडले नाही. कौशल्य हे देवाचे दान आहे आणि त्याचा आनंद निर्मळ आहे. परंतु ते दान हाडामांसाच्या देहात ठेवलेले आहे. चेंडूचा वेग हवा आणि पाठीच्या मणक्याची पर्वा नको, असे म्हणता येत नाही. आपल्या प्रेमाची कसोटी सोपी आहे. "सामना गेला तरी चालेल, पण त्याला विश्रांती मिळो," असे आपल्याला मनापासून म्हणता येते काय? २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये बुमराह पाचपैकी तीनच कसोटी खेळणार असे आधीच ठरले, तेव्हा अनेकांनी कुरकुर केली. योगायोग असा की भारताने जिंकलेले दोन्ही सामने तो न खेळलेलेच होते. पण हे सामने हरलो असतो तरी ती विश्रांती योग्यच ठरली असती. चांगुलपणाचा हिशेब धावफलकावर मांडायचा नसतो.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हाला आहे का, हा प्रश्नही आम्ही स्वतःला विचारला. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील तरुणांचा संघ टेनिस चेंडूच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोचला, तो एका मुलाच्या गोलंदाजीच्या बळावर. मुलगा मासेमारीच्या बोटीवर खलाशी होता. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री त्याचा खांदा सुजल्याचे कळले. आम्ही त्याला गाठले आणि विचारले, "उद्या टाकशील ना?" फादरांना नाही कसे म्हणावे, म्हणून तो हो म्हणाला. आम्ही जिंकलो. करंडक सभागृहाच्या कपाटात अजून आहे.

महिनाभराने त्याच्या घरी गेलो. त्याला जाळे ओढवत नव्हते, म्हणून तो बोटीवर जात नव्हता. त्याच्या आईने खुर्ची पुढे केली, चहा केला, तक्रारीचा शब्द काढला नाही. निघताना आम्ही प्रार्थना सुरू केली. क्रुसाची खूण करायला त्याचा उजवा हात कपाळापर्यंत जाईना. त्याने डाव्या हाताने आधार देऊन तो वर नेला.

वाळलेल्या हाताच्या मनुष्याचा प्रसंग आपण शुभवर्तमानात अनेकदा ऐकला आहे. तो हात उजवा होता, असे संत लूक आवर्जून सांगतात. सभास्थानात सर्वांची दृष्टी त्या हाताकडे होती, परंतु प्रभूवर दोष ठेवण्यापुरती. त्यांच्या लेखी तो मनुष्य केवळ पुरावा होता. प्रभू येशूने मात्र त्याला सर्वांच्या मध्ये उभे केले आणि बरे केले. त्या दिवशीपर्यंत आम्ही या वचनावर प्रवचने दिली होती. आपण कोणत्या बाकावर बसलो आहोत, हे आम्हाला त्या घरात समजले.

आणि गोष्ट केवळ मैदानाची नाही. तांडेल आजारी पडला की मालक विचारतो, "नारळी पौर्णिमेपर्यंत उठेल ना?" दहावीतील हुशार मुलीला ताप आला की आपण विचारतो, "परीक्षेपर्यंत बरी होईल ना?" आईचे मनगट दुखावले की घर विचारते, "आज जेवणाचे काय?" हे प्रश्न दुष्ट नाहीत, ते संसारातून येतात. परंतु ते पहिले येऊ नयेत. पहिला प्रश्न "फार दुखते का?" हा असावा, आणि तो विचारून उत्तर ऐकायला थांबावे. तो मुलगा आता पुन्हा बोटीवर जातो, गोलंदाजी मात्र करीत नाही. भेटला की आम्ही त्याला खांद्याविषयी विचारतो. आम्हाला उशीर झाला. वाचकहो, आपल्याला होऊ नये.