घरचे रान

चिपळूणहून कऱ्हाडकडे निघालेली मोटार कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोहोचण्यापूर्वी अलोरे लागते; आणि घाट चढण्याच्या घाईत असलेल्या प्रवाशाला या गावाची ओळख पटली तर एवढीच पटते, की येथे कोयना प्रकल्पाची वसाहत आहे. मीही कित्येक वर्षे त्याच घाईतला प्रवासी होतो. गेल्या माघात मात्र, काही काम नसणे हेच काम समजून, मी येथे उतरलो आणि डोंगराकडे निघालेल्या पाणंदीने चालू लागलो. वाटेत पातेऱ्याचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई भेटली. तिने भारा न उतरवता ‘कुठे निघालात?’ असे विचारले, तेव्हा मी ‘जंगल पाहायला’ असे उत्तर दिले. तिच्या मुद्रेवर सौम्य आश्चर्य उमटले. ‘जंगल कुठलं? रान हाय आमचं,’ एवढेच म्हणून ती उतारावरून खाली गेली. पण तिने केलेली ही दुरुस्ती दिवसभर माझी सोबत करीत राहिली.

ती दुरुस्ती शब्दापुरती नव्हती. संस्कृतातील ‘अरण्य’ या शब्दाच्या मुळाशी ‘अरण’, म्हणजे दूरचे, परके, असा अर्थ असल्याचे भाषाशास्त्रज्ञ सांगतात; प्राकृतात त्याचे ‘रण्ण’ झाले आणि मराठीत येता येता ‘रान’ झाले; पण या प्रवासात अक्षरांबरोबर परकेपणाही झिजला, आणि तो इतका झिजला, की घाटावरचा शेतकरी ‘रानातून जाऊन येतो’ असे म्हणतो तेव्हा तो आपल्या नांगरटीच्या शेताकडेच निघालेला असतो. ‘जंगल’ या शब्दाची कथा तर याहून गमतीची आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ‘जांगल’ देश म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा मुलूख, आणि त्याच्या उलट जो जलबहुल व दाट झाडीचा, तो ‘आनूप’. तेव्हा वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस अंगावर घेणाऱ्या या तालुक्यातील ओलसर झाडीस जंगल म्हणणे हे चरकाच्याही दृष्टीने चुकलेलेच, आणि त्या बाईच्या दृष्टीने तर चुकलेले होतेच.

पाणंद संपली, दोन्ही बाजूंचे गडगे मागे पडले, एक कोरडा पऱ्या ओलांडला, आणि ऐन-किंजळांची झाडी सुरू झाली. मधूनच एखादी काटेसावर पानांचा भार उतरवून केवळ लाल फुलांनिशी उभी होती, आणि त्या फुलांत शिरलेल्या पाखरांचा कलकलाट पार खालपर्यंत ऐकू येत होता. परंतु माझी दृष्टी अडली ती एका ऐनावर. त्याची साल सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांनी तडकलेली. आणि पुरुषभर उंचीच्या वर खोडाला जागोजाग मुठीएवढ्या, काही तर माणसाच्या मस्तकाएवढ्या गाठी. प्रत्येक गाठीतून कोवळ्या फांद्यांचे झुबके फुटलेले. प्रथमदर्शनी मला तो एखादा वृक्षरोग वाटला. जवळ जाऊन पाहिले तेव्हा एकेका गाठीवर कोयत्याचे जुने-नवे घाव दिसू लागले, आणि मग ध्यानात आले, की ज्याला मी रोग समजलो ती या झाडाची जमाखर्चाची वही आहे.

कोकणातील भातशेतीचा आरंभ खाचरात होत नाही. तो झाडावर होतो. पौष-माघात ऐना-किंजळाच्या फांद्या छाटून त्यांची कवळ वाळत घालायची, शेण, पातेरा, गवत व वर मातीचा हलका थर अशी रचना तरव्याच्या जागेवर करायची, आणि पावसाच्या आधी तिला आग द्यायची, ही भाजावळीची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या धगीने तणाचे बी मरते आणि राखेने रोपाला बळ येते. महसुली दफ्तरात अशा डोंगरउताराला ‘वरकस’ म्हणतात, आणि त्या रुक्ष शब्दाने वाचणाऱ्याचा असा समज होतो, की ही कुचकामाची, उरलीसुरली जमीन असावी. वस्तुतः खालच्या खाचरातला भात निम्मा या वरकसावरच पिकतो. ज्या रानाला आपण अस्पर्श म्हणून गौरवितो, त्याच्या प्रत्येक झाडाला मनुष्याच्या हाताचा स्पर्श झालेला असतो; प्रश्न एवढाच उरतो, की तो हात कोठे थांबला.

हाताने थांबावे यासाठी समाजाने तीन निरनिराळ्या युक्त्या केल्याचे या एकाच परिसरात पाहावयास मिळते. पहिली युक्ती देवाची. गावाच्या राईत, ग्रामदेवतेच्या घुमटीभोवती, कोयता नेण्याची प्राज्ञा नाही. तेथे मोडून पडलेले लाकूडही देवीच्या कामाखेरीज कोणी उचलीत नाही. महाराष्ट्रातील अशा देवरायांचा शास्त्रीय अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला, आणि भोवतालचे डोंगर बोडके झाले असतानाही जुन्या वनस्पती या राखीव तुकड्यांत टिकून राहिल्याचे दाखवून दिले.

दुसरी युक्ती सरकारची. १९६४ च्या कायद्याने वृक्षतोडीस परवान्याची अट घातली. १९७५ च्या कायद्याने खासगी वने सरकारजमा करण्याची तरतूद झाली. आणि घाटमाथ्यावर १९८५ चे कोयना अभयारण्य पुढे २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. याच सरकारी हाताने अलोऱ्याच्या डोंगराच्या पोटात जे घडविले ते मात्र अजस्र आहे. कृष्णेची उपनदी कोयना स्वभावतः पूर्वेस, बंगालच्या उपसागराकडे जाणारी; तिला अडवून बोगद्यांतून पश्चिमेस वळविले, आणि १९६२ पासून पोफळीच्या भूमिगत विद्युत्‌गृहात तिच्या पाण्यावर वीज होऊ लागली. ते वापरलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात साठवून अलोऱ्यानजीक तिसऱ्या टप्प्यात पुन्हा ३२० मेगावॉट वीज काढतात, आणि अखेर ते वाशिष्ठीतून अरबी समुद्रास मिळते. पण एवढ्या प्रचंड हातालाही एक हद्द आखून दिलेली आहे: पश्चिमेकडे वर्षाला किती पाणी वळवावे याचा आकडा कृष्णेच्या पाणीतंट्यावरील बच्छावत लवादाने ६७.५ अब्ज घनफूट असा ठरवून दिला. राईतली देवी आणि तंट्यावरचा लवाद यांच्यात दुसरे कोणतेही साम्य नसेल. परंतु ‘येथवरच’ असे बजावण्याचे काम दोघेही करतात.

तिसरी युक्ती मला त्या गाठाळ ऐनाने शिकविली, पण ती सांगण्यापूर्वी एक कबुली दिली पाहिजे. जुन्या काळाच्या मर्यादा सर्वच पवित्र होत्या असे मानणे हा शहरी माणसाचा भाबडेपणा आहे. खोतांच्या अमलात मर्यादा पुष्कळ वेळा दुबळ्याच्या हातालाच पडे, कुळाला खोताची मर्जी राखावी लागे, आणि वेठही करावी लागे. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले, आणि अखेर १९४९ च्या कायद्याने ती पद्धत नष्ट झाली, ते योग्यच झाले. दुःख इतकेच, की हक्क कुळाच्या नावावर चढला तोवर कूळ मुंबईच्या वाटेला लागले होते. आज सातबाऱ्यावर सामाईकात वीस-वीस नावे असतात आणि त्यांतली कैक चाकरमान्यांची असतात. वारसांना आपल्या रानाची हद्द ठाऊक नसते, आणि मग एखादा ठेकेदार येऊन उभे रान तोडीला घेतो. असाच एक उतार मला वाटेत दिसला. झाडे गुडघ्याएवढ्या उंचीवर करवतीने सपाट कापलेली होती, आणि त्या खुंटांवर गाठी नव्हत्या, कारण तेथे पुन्हा येण्याचा कोणाचाच इरादा नव्हता.

दुपार कलताना एका ऐनावर एक वृद्ध गृहस्थ कवळ तोडताना भेटले. रासायनिक खत आल्यापासून भाजावळ पुष्कळ कमी झाली, पण त्यांची दोन खाचरे अजून जुन्याच रीतीने चालतात. बोलता बोलता ते एकेक फांदी खाली सोडीत होते. फांद्या संपत आल्या, आणि वरचा पानांचा तुरा तेवढा शाबूत ठेवून ते उतरू लागले. ‘तो का ठेवलात?’ असे मी विचारले. ‘शेंड्याला हात लावायचा नाय,’ ते कोयता आकडीला अडकवीत म्हणाले, ‘झाडाला परत वर जायाचं हाय.’ झाडाला परत वर जायचे असते आणि माणसाला परत त्या झाडाकडे यायचे असते, या दोन गोष्टींची सांगड म्हणजेच ती तिसरी युक्ती. देवीचे भय ओसरते, परवान्याला पळवाट सापडते. पण ज्याला पुढच्या खेपेस त्याच फांदीखाली उभे राहायचे आहे, त्याचा हात आपोआप शेंड्यापाशी थांबतो. परतण्याचा हा निश्चय सुटला, की घरचे रान पुन्हा परके अरण्य होते, मग ते तोडले जावो वा माजून दाट होवो.

खाली वसाहतीत पोहोचलो तेव्हा सांज झाली होती. प्रकल्पाची बांधकामे उरकल्यावर येथली माणसे पांगली. एका मोकळ्या निवासस्थानाच्या भिंतीतून पिंपळाने मूळ सोडले होते. निरोप घेताना म्हाताऱ्यांनी त्या ऐनाकडे बोट दाखवून ‘ह्याची पाळी आता दोन वर्सांनी; तेव्हा या, बघा कसा फुटलाय तो,’ असे सांगितले होते. मी मान हलविली होती. मोटारीची वाट पाहत फाट्यावर उभा असताना ती हलविलेली मान मला आठवली, आणि आपण नुसते सौजन्य दाखविले की शब्द दिला, हे माझे मलाच सांगता येईना.