पाणी कोणाचें?

आपल्या शेताखालचें पाणी आपलें कीं गांवाचें, हा प्रश्न वरवर पाहतां कायद्याचा दिसतो. परंतु तो मुळांत नीतीचा आहे. सन १८८२ च्या ईझमेंट ॲक्टानें जमिनीच्या मालकास आपल्या हद्दीखालील पाणी काढून घेण्याचा हक्क मान्य केला. परंतु पाणी बांध ओळखीत नाहीं. एकानें खोल बोअर घेतली म्हणजे त्याचा ऊंस हिरवा राहतो, आणि शेजारच्या विधवेची विहीर माघांतच आटते. त्याला चोर कोणी म्हणणार नाहीं. तरी त्या बाईच्या विहिरीचें पाणी गेलें कोठें, हें सर्वांस ठाऊक असतें.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें ह्या प्रश्नाचें उत्तर कृतीनें दिलें आहे. पर्जन्यछायेंतील हें गांव दुष्काळानें, दारूनें व पोटासाठीं बाहेर जाणाऱ्या माणसांच्या ओघानें खचलें होतें. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, आणि ग्रामस्थांनीं मोकाट चराई बंद केली, श्रमदानानें डोंगरउतारावर चर खणले, बंधारे बांधले, झाडें लाविलीं. पण आम्हांस त्याहून मोठें वाटतें तें हें, कीं पाणी आल्यावरहि त्यांनीं स्वतःस आवर घातला. शेतीसाठीं बोअर घ्यावयाची नाहीं, ऊंस व केळी लावावयाचीं नाहींत, असें ग्रामसभेनें ठरविलें. दर वर्षीं पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद सभेपुढें मांडतात. प्रथम माणसांचें व गुरांचें पिण्याचें पाणी राखतात, आणि उरेल त्यावरून पिकें ठरवितात.

कोणी म्हणेल, हा स्वातंत्र्यावर घाला नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. उपसण्याची मोकळीक सर्वांस सारखी दिसते, परंतु ज्याच्या पदरीं अधिक खोल जाण्याचा पैसा आहे त्यालाच ती लाभते.

तथापि दुसरी बाजूहि प्रामाणिकपणें पाहिली पाहिजे. नियम एकच असला तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. ऊंसबंदीनें बागाईतदाराचा नफा कमी होतो. चराईबंदीनें भूमिहीनाच्या दोन शेळ्या उपाशी राहतात. शिवाय 'गांवाचें पाणी' हा शब्दहि निर्दोष नाहीं. महाडचें चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचें नगरपालिकेनें ठरविल्यावरहि, अस्पृश्य मानलेल्या लोकांस तेथें पाणी पिण्यासाठीं १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह करावा लागला. गांवाचें एकमत म्हणजे न्याय असें नव्हे. कित्येकदां तें बलिष्ठांचें मत आणि बाकीच्यांचें मौन असतें.

म्हणून आमची कसोटी अशी: ज्याला नियमाचा चटका बसणार, त्याला आधीं विचारलें काय, आणि त्याच्या नुकसानीची सोय गांवानें केली काय? दोन्हीं प्रश्नांचें उत्तर 'होय' असेल, तर तो नियम जुलूम नसून शेजारधर्म आहे.

घटनेप्रमाणें गांवच्या मतदारयादींतील प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद आहे. तेव्हां आमच्या मंडळ्यांतील बंधुभगिनींनो, "आमचें तेथें कोण ऐकतो?" असें म्हणून घरीं बसूं नका. पुढच्या सभेस जा, आणि जिची विहीर आटली त्या बाईलाहि बरोबर न्या.