औषध उन्हाचं, शिक्षा कशाची?

लोअर परळच्या गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. लग्नाच्या बोलणीत मात्र ‘मुलीच्या अंगावर कोड आहे’ हे आजही दबक्या आवाजातच सांगितलं जातं. तिथून जवळच, परळला, १९२६ पासून केईएम रुग्णालय उभं आहे. कोड संसर्गानं पसरत नाही, महारोगाशी त्याचा संबंध नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच रंगपेशींवर उलटते म्हणून कातडी पांढरी पडते, हे तिथला कोणताही त्वचारोगतज्ज्ञ सांगेल. तरी एक प्रश्न अनेक घरांतून हलत नाही: आपल्या हातून असं काय पाप घडलं?

हा प्रश्न फार जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला सातवा अध्याय या डागांची कारणं सांगताना असत्य वचन, कृतघ्नपणा, देवनिंदा, गुरूंचा अवमान, पूर्वजन्मीचं कर्म आणि त्यांच्याच पंगतीत विरुद्ध आहार मोजतो. पण उपचारही तिथेच आहे. उंबराच्या कुळातल्या मलपूचा रस गूळ घालून प्यायचा, झेपेल तेवढं ऊन घ्यायचं, डागावर फोड आले तर ते काट्यानं फोडायचे. पापाची यादी देणाऱ्याच ग्रंथानं औषध आणि ऊन यांची सांगडही घालून ठेवली.

आजचा ‘पुवा’ उपचार, म्हणजे सोरालेन आणि अतिनील किरण यांची जोडी, याच वाटेवरचा. बावचीच्या बियांत सोरालेन असतं. त्याच वर्गातलं औषध इजिप्तमधल्या अम्मी मेजस या वनस्पतीतून वेगळं काढलं गेलं आणि कैरोच्या डॉ. अब्देल मोनेम अल-मोफ्ती यांनी ते १९४०च्या दशकात कोडावर वापरलं. गोळी घ्यायची, साधारण दोन तासांनी यंत्रातले अतिनील किरण किंवा मोजकं ऊन अंगावर घ्यायचं, दोन सत्रांमध्ये किमान एक दिवस सोडायचा. गुण येऊ लागला की पांढऱ्या डागात केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके उमटतात. ते पसरत पसरत एकमेकांना मिळतात. चेहरा आणि मान लवकर साथ देतात, बोटांची टोकं आणि ओठ सहसा दाद देत नाहीत. हे सगळं महिनोन्‌महिने चालतं, आणि रंग परत आला तरी टिकेलच याची हमी नसते.

याची किंमतही आहे. मळमळ, खाज, आणि मात्रा चुकली तर भाजून फोड. डोळे जपायला गोळी घेतल्यापासून दिवसभर काळा चष्मा लागतो. सोरायसिसच्या ज्या रुग्णांनी पुवाची शेकडो सत्रं घेतली, त्यांच्यात त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना ही गोळी देत नाहीत. म्हणूनच आता बरेच डॉक्टर गोळीशिवायचे ३११ नॅनोमीटरचे यूव्हीबी किरण आधी सुचवतात.

खरा पेच इथे आहे. कोड दुखत नाही, जीवही घेत नाही. दुखतं ते लोकांच्या बघण्यानं. मग त्या नजरेसाठी निरोगी शरीरानं भाजण्याचा धोका का पत्करावा? ‘घेऊच नका’ असं सरसकट सांगणंही अन्यायाचंच, कारण रोज आरशापुढे उभं राहणाऱ्या बाईचं दुःख खरं असतं. मात्र कर्मफळ म्हणून भोगायची ही शिक्षा नव्हे आणि प्रायश्चित्त म्हणून घ्यायचं हे ऊनही नव्हे. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली ‘श्वेता असोसिएशन’ कोड असलेल्या माणसांना आधी एकमेकांशी बोलतं करते. उपचार हवा की नको, हे त्या बोलण्यानंतर, फायदा-तोटा समजून, ज्याचं अंग त्यानंच ठरवायचं. स्थळ मोडलं म्हणून मुलीला यंत्रापुढे उभं करणाऱ्या घरानं नव्हे.