देणगी आणि दरवाजा

धनवान् मनुष्यानें आपल्या धनाचें काय करावें, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर ठरलेलेंच आहे असें आपण धरून चालतों. विहीर खणावी, धर्मशाळा बांधावी, देवळाचा जीर्णोद्धार करावा. आपल्या पूर्वजांनीं यालाच पूर्त म्हटलें आणि यज्ञयागाच्या बरोबरीनें पुण्याच्या खात्यांत त्याला जागा दिली. कोंकणांत तर ही गोष्ट अंगवळणीच पडली आहे. पोटासाठीं मुंबईस गेलेला चाकरमानी चार पैसे गांठीला लागतांच प्रथम ग्रामदेवतेच्या देवळाकडे पाहतो; सभामंडपाच्या फरशीवर त्याचें नांव कोरलें जातें, आणि पुढच्या शिमग्यास पालखीबरोबर येणाऱ्या प्रत्येकाच्या पायांखालून तें जातें. (त्यांत नम्रता किती आणि हौस किती, याचा हिशोब ज्याचा त्यानें करावा.) पण ज्यांच्यासाठीं द्यावयाचें, त्यांनाच जर देवळाच्या आंत पाऊल टाकण्याची मनाई असेल, तर त्या दानाचा अर्थ काय राहिला? रत्नागिरीच्या श्रीमान् भागोजीशेठ कीर यांच्या चरित्रापुढें उभें राहिलें म्हणजे हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, भंडारी समाजांतील एका दरिद्री घरांत भागोजीशेठ जन्मले. लहानपणींच त्यांनीं मुंबई गांठली. शाळेची विद्या बेताची. सुतारकामापासून आरंभ करून ते बांधकामाचे मक्ते घेऊं लागले आणि शापूरजी पालनजी या पारशी कंत्राटदारांच्या साहचर्यानें मोठ्या इमारतींच्या धंद्यांत नांवारूपास आले. ही हकीकत आम्ही थोडक्यांत आटोपतों, कारण गरिबींतून वर आलेल्या माणसाच्या कथा वाचकांनीं पुष्कळ वाचल्या असतील, आणि त्या सर्वांत उद्योगाची स्तुति एकाच सुरांत केलेली असते. आमचें लक्ष आहे तें पुढील भागाकडे.

शिवाजी पार्कजवळ, आजच्या चैत्यभूमीशेजारीं, जी हिंदु स्मशानभूमि आहे ती त्यांच्या दानांतून उभी राहिली आणि त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. रत्नागिरीच्या किल्ल्यांत भागेश्वराचें मंदिर त्यांनीं बांधविलें. येथपर्यंत रूढ वाटच होती. ती वाट सुटली १९२९ सालीं. बॅ. सावरकर १९२४ पासून रत्नागिरींत स्थानबद्ध होते, आणि अस्पृश्यतानिवारणाची चळवळ त्यांनीं तेथें चालविली होती. ज्याच्या गाभाऱ्यापर्यंत महार, चांभार, भंगी, ब्राह्मण सर्वांनीं सारख्या हक्कानें जावें असें नवें देऊळच कां बांधूं नये, ही कल्पना त्यांची, द्रव्य भागोजीशेठांचें. २२ फेब्रुवारी १९३१ रोजीं पतितपावन मंदिर उघडलें. आंत लक्ष्मीनारायणाची मूर्ति आहे.

आतां या दानाविरुद्ध जो आक्षेप येतो तो हलका नाहीं. नवें देऊळ बांधल्यानें जुन्या देवळाचें कुलूप निघत नाहीं. उलट जुन्या देवळाच्या मालकांस सुटकेचा निःश्वास टाकतां येतो. "तुमच्यासाठीं तिकडे सोय केली आहे ना?" असें म्हणावयास ते मोकळे. याच काळांत, मार्च १९३० मध्यें, नाशिकास काळारामाच्या दारांत सत्याग्रह सुरू झाला होता. तेथें मागणी होती ती त्याच दारांतून आंत जाण्याची. तीं माणसें दगड खात उभीं होतीं आणि इकडे रत्नागिरीस संगमरवर बसत होता, असें कोणी कडवटपणें म्हटलें तर त्याला गप्प बसविणें सोपें नाहीं. चातुर्वर्ण्य शिल्लक ठेवून नुसती अस्पृश्यता जाणार नाहीं, हें डॉ. आंबेडकरांचें म्हणणेंही याच्या पाठीशीं आहे. हक्क म्हणून जें मिळावयाचें, तें कृपा म्हणून मिळालें कीं घेणाऱ्याची मान पुन्हां खालींच जाते.

अमेरिकेच्या ॲन्ड्र्यू कार्नेजीनें अडीच हजारांवर ग्रंथालयें उभारलीं. पण १८९२ च्या होमस्टेडच्या संपाची आठवण ठेवणाऱ्या कामगारांस त्या ग्रंथालयांविषयीं काय वाटलें असेल, हा प्रश्न तिकडेही मिटलेला नाहीं. दात्यानें दिलेली वस्तु घेणाऱ्याची आधींच होती कीं काय, ही शंका प्रत्येक मोठ्या देणगीच्या मागें उभी असते.

तरीही आमचें मत भागोजीशेठांच्या बाजूस झुकतें, आणि त्याचें कारण दानाच्या रकमेंत नाहीं. जातीच्या उतरंडींत मधल्या पायरीवरचा मनुष्य बहुधा काय करतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. पैसा हातीं आला कीं तो वरच्या पायरीकडे तोंड करतो, आणि खालच्यांपासून आपलें अंतर वाढवितो. तेंच त्याच्या प्रतिष्ठेचें मोजमाप. उच्चवर्णीयांकडून मान्यता विकत घ्यावयाची तर भागोजीशेठांना सोपे मार्ग पुष्कळ होते. त्यांनीं आपला पैसा आपल्याहूनही खालीं ढकललेल्यांच्या बरोबर उभें राहण्यांत घातला, आणि तेंही सनातनी विरोधाच्या ऐन भरांत. सावरकरांची कल्पना कागदावर राहिली असती तर तिच्यावर चार व्याख्यानें झालीं असतीं. सुशिक्षित मंडळींनीं, म्हणजे आम्हीच, टाळ्या वाजविल्या असत्या.

नाशिकचा मार्ग अधिक न्याय्य होता, हें कबूल करूनही एक गोष्ट उरते. काळारामाच्या दारावरचा लढा वर्षानुवर्षें चालला आणि दार उघडलें नाहीं. १९३५ सालीं येवल्यास डॉ. आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली. पंढरपूरचें देऊळ खुलें व्हावयास १९४७ साल उजाडावें लागलें, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. आणि मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदाही त्याच वर्षींचा. पतितपावन उघडल्यापासून तो कायदा होईपर्यंत सोळा वर्षें गेलीं. रत्नागिरीच्या महारवाड्यांत १९३१ सालीं जन्मलेलें मूल तोंवर मिसरूड फुटण्याच्या वयास आलें असेल. त्यानें तीं सोळा वर्षें कोणत्या पायरीवर उभें राहून काढावयाचीं होतीं, याचें उत्तर वरील आक्षेपांत आम्हांस सांपडत नाहीं.