कान फुटेपर्यंत कसली वाट पाहता?

पोर रात्रभर कान धरून रडलं. सकाळी तुम्ही काय केलंत? लसूण टाकून तेल कोमट केलंत आणि कानात ओतलंत. का? आजी ओतायची म्हणून? शिकलेली माणसं तुम्ही. अक्कल कुठे गहाण टाकलीत?

दुखणं पडद्याच्या आत आहे. नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते. सर्दीत ती सुजते, आत पू साठतो, पडदा ताणला जातो. तेल तिथे पोहोचतच नाही. पडदा फाटला असेल तर मात्र पोहोचतं आणि नुकसान करतं. हे तुम्हाला कळत नाही असं नाही. दवाखान्यात जायचा कंटाळा येतो, एवढंच.

मग कान फुटतो, पू येतो, रडणं थांबतं. तुमचा जीव भांड्यात पडतो. अहो, पडद्याला भोक पडलं म्हणून दाब उतरला! बहुतेकदा ते भरून येतं, मान्य. पण दोन आठवडे कान वाहतोय आणि तुम्ही कापसाचा बोळा कोंबून त्याला शाळेत धाडता?

औषधांचीही तीच तऱ्हा. पोर खेळायला लागलं की अँटिबायोटिक अर्ध्यावर बंद. पुढच्या वेळी उरलेली तीच बाटली, कुणाला न विचारता. आणि डॉक्टरांनी कान तपासून 'दोन दिवस नुसतं दुखण्याचं औषध देऊन पाहू' म्हटलं, की तुम्ही दुसरा डॉक्टर शोधता. प्रत्येक कानदुखीला अँटिबायोटिक लागत नाही. ते कान बघणाऱ्याने ठरवायचं, शेजारच्या काकूंनी नव्हे.

सर्वांत संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. दुखणं गेल्यावरही पडद्यामागे पाणी कित्येक आठवडे राहू शकतं. पोराला कमी ऐकू येतं. ते टीव्ही मोठा करतं, पुन्हा पुन्हा 'काय?' विचारतं, शुद्धलेखनात भलतेच शब्द लिहितं. आणि तुम्ही? 'लक्ष कुठे असतं तुझं?' म्हणून पाठीत धपाटा! क्लासची फी महिन्याच्या महिन्याला भरता, तिथे त्याला ऐकू येतं का, हे एकदा तरी पाहिलंत? तीन महिने पाणी राहिलं तर श्रवणचाचणी करायलाच हवी.

घरातली सिगरेट बंद करा. बाळाला आडवं झोपवून बाटली देऊ नका. कानामागे सूज आली, कान पुढे ढकललेला दिसला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. बाकी सबबी मला सांगू नका. आज संध्याकाळी त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.