मोहोळाचा धनी कोण?

'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेत १९८९ साली 'बोर्ग' पहिल्यांदा अवतरले. अर्धा देह, अर्धे यंत्र. असंख्य मेंदू एकमेकांना जोडलेले आणि 'मी' म्हणणारा एकही नाही. त्यांना राजा नव्हता, सेनापती नव्हता. भीती नेमकी त्यातच होती : तह करायचा तो कोणाशी? पण १९९६ च्या 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' या चित्रपटात याच बोर्गांना राणी मिळाली. अ‍ॅलिस क्रीग या अभिनेत्रीने ती साकारली. पटकथेची सोय एवढाच याचा अर्थ मला लावता येत नाही. अनेकांचे मन एक झाले म्हणजे माथ्यावर कोणीतरी बसलेले असणारच, ही आपली समजूत फार जुनी आहे.

तिचा माग काढला तर तो मधाच्या पोळ्यापर्यंत जातो. अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखी माश्यांवर राजा राज्य करत होता. १६०९ साली इंग्लंडच्या चार्ल्स बटलरने तो राजा नसून राणी असल्याचे ग्रंथ लिहून सांगितले आणि त्याच शतकात डच अभ्यासक यान स्वामरडामने तिच्या पोटातील अंडाशय चिरून दाखवले. राजा गेला, राणी आली. राज्य मात्र कायम राहिले. ते खालसा व्हायला विसावे शतक लागले. कार्ल फॉन फ्रिश यांनी माश्यांच्या नाचाचा अर्थ उलगडला. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात पाहिले, की नवे घर शोधणारा थवा राणीला विचारतच नाही. टेहळणीला गेलेल्या माश्या निरनिराळ्या जागा पाहून येतात आणि नाचून आपापल्या जागेची बाजू मांडतात. दुसऱ्या जागेसाठी नाचणारीला डोक्याने ढुशी देऊन थांबवतात, हे पुढे टॉमस सीली यांच्या अभ्यासातून कळले. एका जागेवर पुरेशा माश्या जमल्या की थवा उठतो. राणी त्याच्याबरोबर जाते. वाट ती दाखवत नाही. पोळ्याचे शहाणपण हुकमातून येत नाही, मतभेदातून येते.

कल्पित साहित्यात हा प्रवास सरळ झाला नाही. एच. जी. वेल्सने १९०१ मध्ये चंद्रावरच्या कीटकसमाजावर प्रचंड मेंदूचा एक सम्राट बसवला. १९३० मध्ये ओलाफ स्टेपलडनने मंगळावरचे सूक्ष्म जीव ढगासारखे एकत्र आणून त्यांचे एक मन घडवले. तिथे सम्राट उरला नाही. साहित्याबाहेर, १९४८ मध्ये नॉर्बर्ट वीनर यांनी 'सायबरनेटिक्स' हे शास्त्र मांडले. कृतीचा परिणाम माहिती होऊन परत येतो आणि पुढची कृती सुधारतो. नियंत्रण या चक्रात असते, ते एखाद्या गादीवर असावे लागत नाही. माणसाला मुंगीसारखे नेमून दिलेल्या एकाच कामात कोंडणारा समाज माणसाच्या शिकण्याच्या शक्तीवर घाला घालतो, असा इशाराही त्यांनीच दिला. एवढे सारे कळून झाल्यावरही १९९६ मध्ये आपण पुन्हा राणीकडे वळलो.

गादीचा मोह सोडणे किती अवघड आणि तरीही किती शक्य आहे, हे नांदेडच्या गोदाकाठाने तीनशे वर्षांपूर्वी पाहिले आहे. शिखांचा खालसा पंथ म्हणजे समूहमन नव्हे, तिथे माणसाचे 'मी'पण पुसले जात नाही. म्हणूनच हे उदाहरण मला मोलाचे वाटते. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी पाच प्यारे निवडले. त्यांतले भाई साहिबसिंग बिदरचे, म्हणजे आपल्या उदगीरच्या शेजारचे. गुरूंनी त्यांना अमृत दिले आणि मग त्याच पाचांसमोर हात जोडून स्वतः अमृत घेतले. १७०८ मध्ये नांदेड येथे देह ठेवण्यापूर्वी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवली आणि गुरुपद ग्रंथसाहिबाला दिले. पुढे अठराव्या शतकात पंथाचे मोठे निर्णय एकत्र जमलेल्या खालशाच्या 'गुरमत्या'ने, म्हणजे सामूहिक ठरावाने, होऊ लागले. ज्याच्या शब्दासाठी लोक शिर द्यायला तयार होते, त्याने आपल्यामागे कोणा माणसाला त्या गादीवर बसवले नाही.

पण राणी नाही एवढ्यावर समूह मोकळा होतो का? इथे मला लातूर आठवते. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या नावाशी जोडला गेलेला 'लातूर पॅटर्न' खेड्यापाड्यांतल्या मुलांना गुणवत्ता यादीत घेऊन गेला. मराठवाड्याला त्याने आत्मविश्वास दिला. आज लातूर आणि नांदेडच्या क्लासेसमध्ये राज्यभरातून मुले येतात. तोच अभ्यासक्रम, त्याच सराव परीक्षा, तेच गोळे काळे करणे, डॉक्टर किंवा इंजिनीअर हीच दोन स्वप्ने. हे कोणा एकाने ठरवलेले नाही. पालक शेजाऱ्याकडे पाहतात, क्लास निकालाकडे पाहतो, मुले एकमेकांच्या रँककडे पाहतात. कोणीच हुकूम देत नाही आणि सगळे तो पाळतात. १९८९ चे बोर्ग मला राणीपेक्षा अधिक खरे वाटतात ते यामुळे. राणीला दोष देता येतो. इथे दोष आपल्या सर्वांत वाटला गेलेला असतो, म्हणून तो कोणालाच टोचत नाही.

तेव्हा समूहाला धनी आहे की नाही, ही माझ्या मते खरी कसोटी नव्हे. वेगळी जागा पाहून आलेल्या माशीला नाचू दिले जाते का, ही खरी कसोटी आहे. बोर्गांत ती माशीच उरत नाही. पोळ्यात तिला ढुशी बसते, पण तिचे म्हणणे आधी मांडले गेलेले असते. आता कोट्यवधी मने मोबाइलने जोडली गेली आहेत आणि त्यांना उत्तरे पुरवणारी यंत्रेही आली आहेत. अशा वेळी मला धास्ती एखाद्या सम्राटाची वाटत नाही. सगळ्यांना एकच उत्तर सुचण्याची वाटते. 'मला बायोलॉजी नको, इतिहास शिकायचा आहे' असे एखादी मुलगी म्हणाली, तर तिचे पूर्ण ऐकून घेणे हे घराचे, वर्गाचे आणि गावाचे काम आहे. ते काम कोणत्याही राणीवर टाकता येत नाही.