माफीचा अधिकार कोणाचा?

मराठी माणूस नीतीविषयी बोलू लागला की त्याच्या तोंडी जे शब्द सहज येतात, त्यांतले अनेक मूळचे दप्तरातले आहेत. हिशेब, हक्क, जबाब, अनामत, माफी, रुजू हे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने राज्यकारभारात आले आणि तेथून घराघरांत पोचले. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने अशा संज्ञांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न केला. तरी हिशेब हिशेबच राहिला. मात्र या स्थित्यंतरात काही तरी मागे सुटले. इस्लामच्या धर्मविचारात यांपैकी काही शब्दांना मृत्यूपलीकडचे क्षितिज आहे. ‘रुजू’ या शब्दाचा मूळ अर्थ परतणे. कोणी निवर्तल्याची वार्ता येताच मुसलमान माणूस ईश्वराकडेच परत जायचे असल्याचे जे वचन उच्चारतो, त्यात हाच धातू आहे. मराठीने या शब्दाला कामावर रुजू होण्याचा आणि हिशेबाची रुजवात घालण्याचा अर्थ दिला. परतीचा अर्थ गळून पडला.

इस्लाममधील परलोककल्पनेची चर्चा बहुधा स्वर्ग आणि नरक यांच्या वर्णनांभोवती फिरते. शिक्षेचे भय आणि सुखाचे आमिष एवढ्यापुरताच तिचा विचार केला, तर ती फेटाळणे सोपे जाते आणि तिचे समर्थन करणेही फारसे अवघड राहत नाही. परंतु कयामतच्या कल्पनेत त्याहून अवघड असा एक प्रश्न दडलेला आहे : एका माणसाने दुसऱ्यावर केलेल्या अन्यायाची माफी देण्याचा अधिकार कोणाचा?

कुराणात निवाड्याचे चित्र हिशेबाच्या भाषेत येते. प्रत्येकाच्या कर्मांची वही त्याच्यासमोर उघडली जाईल आणि स्वतःचा हिशेब तपासायला तो स्वतः पुरेसा ठरेल, असे सतराव्या सूरेत म्हटले आहे. एकविसाव्या सूरेत न्यायाचे तराजू आहेत आणि मोहरीच्या दाण्याएवढे कर्मही त्यांतून सुटत नाही. गझाली (मृत्यू ११११) याने आपल्या ‘इह्या’ या ग्रंथात ‘मुहासबा’ ही साधना विस्ताराने मांडली. व्यापारी जसा आपल्या भागीदाराकडून दिवसाअखेर हिशेब घेतो, तसा माणसाने आपल्या मनाकडून घ्यावा, असा तिचा आशय. ‘मुहासबा’ आणि ‘हिशेब’ हे एकाच धातूपासून झालेले शब्द आहेत.

तथापि हा हिशेब केवळ भक्त आणि ईश्वर यांच्यातला नाही. धर्मशास्त्रकारांनी कर्तव्यांचे दोन वर्ग केले : ईश्वराचे हक्क आणि माणसांचे हक्क. नमाज, रोजा यांत झालेली कसूर ईश्वर क्षमा करू शकतो, कारण तेथे घेणेकरी तोच आहे. माणसाचे देणे मात्र त्या माणसाने सोडल्याशिवाय सुटत नाही, असे परंपरा सांगते. एका प्रसिद्ध हदीसमध्ये पैगंबर आपल्या सहकाऱ्यांना मुफलिस कोण, असे विचारतात. ज्याच्याजवळ पैसा वा मालमत्ता नाही तो, हे उत्तर त्यांना पुरेसे वाटत नाही. खरा मुफलिस नमाज, रोजे, जकात यांची पुंजी घेऊन त्या दिवशी येतो. पण त्याने कोणाला शिवी दिलेली असते, कोणाचे धन खाल्लेले असते, कोणाचे रक्त सांडलेले असते. त्याची पुण्ये एकेका घेणेकऱ्याला वाटली जातात. ती संपली की त्यांची पापे त्याच्या माथी येतात.

कर्मसिद्धान्तातही फळ चुकत नाही. फरक असा की, तेथे लक्ष मुख्यतः कर्त्यावर असते : त्याचे बंधन, त्याचा भोग, त्याची मुक्ती. ज्याच्यावर अन्याय झाला तो या व्यवहारात पक्षकार म्हणून उभा राहतोच असे नाही. कयामतच्या चित्रात तो समोर उभा असतो, आणि त्याला ओलांडून पुढे जाता येत नाही.

ही कल्पना किती ऐहिक आहे, हे नवी मुंबईसारख्या नव्या शहराकडे पाहताना जाणवते. मुंबईची घाऊक बाजारपेठ १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे परिसरात आली. जेथे माल मोजला जातो तेथे काटा मारण्याचा मोहही असतो. कुराणाची त्र्याऐंशीवी सूरा याच माणसाला उद्देशून सुरू होते : घेताना पुरते माप घेणारा, देताना कमी देणारा, आणि पुन्हा उठवले जाण्याचा विसर पडलेला. मक्का हे व्यापारी गाव होते. पारलौकिक तराजूची प्रतिमा तेथल्या श्रोत्याला बाजारातूनच कळली असली पाहिजे.

ज्या जमिनीवर हे शहर उभे राहिले तिचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९७० च्या दशकात ठाणे आणि तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी या प्रकल्पासाठी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचे धोरण आले. वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात त्या दिवशी सात पृथ्वींचा भार पडेल, असे हदीस सांगते. या वचनाच्या आधारे येथे कोणाचा निवाडा करण्याचे कारण नाही. हे शेतकरी बहुतांशी आगरी-कोळी समाजाचे होते आणि त्यांचा लढा कायद्याच्या व हक्काच्या भाषेत लढला गेला. पण भरपाई आणि माफी या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे ते वचन स्पष्ट करते. भरपाई शासन देऊ शकते. माफी ज्याची द्यायची त्यानेच द्यावी लागते, आणि त्या पाच जणांकडून ती आता कोणालाही मागता येणार नाही.

येथेच या श्रद्धेवरचा जुना आक्षेप उभा राहतो. अखेरचा निवाडा पलीकडे ढकलला की येथला अन्याय सहन करण्याची सवय लागते, हा तो आक्षेप. मात्र परंपरेचे स्वतःचे वचन याच्या उलट आहे : ज्याचे काही देणे असेल ते आजच फेडा, त्या दिवशी दिनार-दिरहम चालणार नाहीत. मृताचे कर्ज वारशाच्या वाटपाआधी फेडावे, असा कुराणाचा आदेश आहे. तरीही आक्षेप निकालात निघत नाही. कारण वचन काय सांगते आणि समाज त्याचा उपयोग कसा करतो, हे वेगवेगळे प्रश्न आहेत.

हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांनी हा दुसरा प्रश्न विचारला. तलाकपीडित स्त्रीचा न्याय याच जगात, याच कायद्याने झाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, आणि आपल्या मृत्यूनंतर धार्मिक विधी न करता दहन व्हावे, अशी इच्छा व्यक्त केली. परलोक नाकारणाऱ्या या माणसाने जबाबदारी मात्र नाकारली नाही. उलट ती पुढे ढकलण्याची सोय नाकारली. कोकणातील एका गावात हिंदू-मुस्लिम संबंध कसे पेटतात हे दाखवणाऱ्या त्यांच्या कादंबरीचे नाव ‘इंधन’ (१९६५). कुराणात नरकाग्नीचे इंधन माणसे आणि दगड असल्याचे म्हटले आहे. लेखकाच्या मनात हा संदर्भ होता की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्या पार्श्वभूमीवर वाचताना आग परलोकातून गावात आलेली दिसते, आणि माणसे इंधन होतात ती एकमेकांच्या हातून.

परंतु दलवाईंच्या भूमिकेलाही एक किंमत मोजावी लागते. घेणेकरी मरून गेला असेल तर त्याचा हिशेब कोठे रुजू व्हायचा? श्रद्धावानाजवळ याचे उत्तर आहे. ज्याची श्रद्धा नाही त्याला हिशेब कायमचा उघडा राहतो, हे मान्य करावे लागते. ही पोकळी साहित्याने भरून काढावी, अशी अपेक्षा समीक्षेत वारंवार व्यक्त होते. लेखकाने अत्याचारी पात्रालाही करुणेने समजून घेतले की ती कलाकृतीची उंची मानली जाते. समजून घेणे हे लेखकाचे काम आहेच. पण समजून घेता घेता तो बळी गेलेल्या पात्राच्या वतीने क्षमाही करून टाकत असेल, तर तो आपल्या मालकीचे नसलेले काही तरी देऊन बसतो. जो अधिकार परंपरा ईश्वरालाही सहजासहजी देत नाही, तो कथनकाराने परस्पर घ्यावा काय, हे समीक्षेने तपासायला हवे.

कुराणाच्या एक्क्याऐंशीव्या सूरेत जिवंत पुरलेल्या मुलीला त्या दिवशी विचारले जाईल, की तिला कोणत्या अपराधासाठी मारले गेले. प्रश्न मारणाऱ्याला केलेला नाही. तो तिला केलेला आहे. साहित्याला निवाडा करता येत नाही आणि माफीही देता येत नाही. जिचे ऐकून घेतलेच गेले नव्हते तिला प्रथम विचारणे, आणि तिचे उत्तर येईपर्यंत दुसऱ्या कोणाला तिच्या वतीने बोलू न देणे, एवढे त्याच्या हाती आहे.